चाळीस मण्यांची बोट

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. कोरं पान वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून आजपासून पुढून घर आणि मागून बोट. दोघं मध्ये जिथे भेटतील तिथे वही संपेल.

आज बोट घराबाहेर पडली. चौदा महिने ती आमच्या पुढच्या खोलीत होती. आधी नुसत्या फळ्या होत्या तेव्हा मी काही बोलले नाही. मग फळ्यांना पोट आलं, नाक आलं, आणि एके दिवशी पाहते तर खोलीत बोट आणि आपण भिंतीला पाठ लावून चालतोय. ह्यांनी तेहतीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं. "आधी दोनदा मोजा, मग एकदा कापा," हे वाक्य शाळेच्या गावातल्या अर्ध्या पुरुषांना पाठ आहे. ह्यांनी दारही दोनदा मोजलं होतं. फक्त बोटीच्या कडेला बाहेरून मारायची पट्टी मापात धरली नव्हती. बोट दारात एका इंचाने अडली. शेवटी खिडकी चौकटीसकट काढली आणि घर बाळंत व्हावं तशी बोट तिथून बाहेर आली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं खिडकीसाठी.

रस्त्यापलीकडचे दातांचे डॉक्टर चालता चालता थांबले. त्यांचं नवं घर तलावाच्या काठालाच आहे. म्हणाले, "विकणार असाल तर पहिला हक्क माझा."

मी हो म्हणाले. संध्याकाळी दिवा लावताना ह्यांना देवापुढे उभं केलं आणि बोलले, "बोट नीट चालेपर्यंत तुमची. नीट चालायला लागली की डॉक्टरांची. देवापुढे सांगा."

"नीट म्हणजे?"

"ते पाण्यात गेल्यावर ठरवू."

ह्यांनी सांगितलं. हात जोडलेले होते, मान जरा जास्तच खाली होती. मला वाईट वाटलं, पण मी मागे हटले नाही. ह्यांना गोष्ट करायला आवडते, संपली की ती घरात राहते. माळ्यावर तीन पायांची अकरा स्टुलं आहेत. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण मी मोठ्याने बोलले नाही. हा माणूस एकटाच पाण्यावर जाणार आणि मी खिडकीशी बसून रोज वाट बघणार, हे मला जमणार नाही. आता तर खिडकीही नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

बोट बुडली नाही. ही नोंद आधी.

मोटर जुनीच आहे, धक्क्यावरच्या मिस्त्रीकडून घेतलेली. त्याला सगळे वंगणराव म्हणतात, कारण तो हात डोक्याला पुसतो आणि त्याचा एक केस कधी हलत नाही. मोटर बोटीच्या पाठीमागच्या जाड फळीला दोन शिकंज्यांनी अडकवतात. हे चालवणार, म्हणजे मागे बसणार. पुढे वजन लागतं, म्हणजे मी.

"वाळूचं पोतं ठेवा की," मी म्हणाले.

"वाळूला मोजता येत नाही," हे म्हणाले.

मोजायचं ते असं. तलावात एक लाल खांब आहे आणि तिकडे लांब एक पांढरा. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत किती वेळ लागतो ते बघायचं. ह्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात द्यायला हात लांब केला, मी हात पुढे करायला कड सोडेना, आणि घड्याळाने तळ गाठला. फोन पाण्यावर न्यायचा नाही हा माझा नियम. मुलीने दिलेला आहे, अजून वरचा कागदसुद्धा काढलेला नाही. मग मी कमरेची माळ काढली. एक नाव, एक मणी. आठवीत असल्यापासून जपते आहे, माझा जप घड्याळाला हार जाणार नाही. ऐंशी मणी झाले.

पण चाललं काय होतं, तर बोटीचं बूड पाण्यात बसलेलं आणि नाक आभाळात, श्रीमंत नातेवाइकासारखं. पुढचं काही दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. वंगणराव काठावरून ओरडला, "बसली आहे, बसली! उठायला पाहिजे ती! पाण्यावर उठली तरच बोट, नाही तर परात!"

घरी आल्यावर दिव्यापुढे मी 'नीट'चा अर्थ सांगितला. ऐंशीचे निम्मे. चाळीस मण्यांत लाल खांब ते पांढरा खांब, की बोट डॉक्टरांची. हे म्हणाले, "चाळीस म्हणजे चाळीस."

पेट्रोल पाऊण बाटली. तेल मिसळलेलं, धूर फार. लुगड्याला वास लागला आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज दोन बदल. पेट्रोलची टाकी मागून पुढे, माझ्या पायाशी आणली. आणि मोटरच्या बुडाशी एका पट्टीला पाच भोकं आहेत, त्यातल्या एकात आडवी पिन असते. पिन ज्या भोकात, त्याप्रमाणे मोटर तिरपी राहते. ती चौथ्यात होती, ह्यांनी दुसऱ्यात घातली. "पंखा आता पाणी वर न ढकलता मागे ढकलेल. नाक खाली येईल."

आलं. नाक खाली आलं आणि मग खालून कोणी उचलावं तशी अख्खी बोट वर आली. पाणी बाजूने फाटत जात होतं, वारा कानात. मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेत राहिले, दुसरं काय करणार. इतक्या मनापासून जप कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पांढरा खांब गेला तेव्हा हे ओरडले, "किती?"

"ब्याण्णव!"

हे माझ्याकडे बघत राहिले. तोंड लहान मुलासारखं खुललेलं होतं ते तसंच राहिलं.

"ब्याण्णव?"

"ब्याण्णव. आधी ऐंशी होते. बिघडवलीत तुम्ही."

हे खोकले. मग म्हणाले, "असं. ब्याण्णव."

आणि बाकी काही नाही. दुपारी मात्र दोनदा भाजी मागून घेतली. बोट बिघडलेल्या माणसाने इतकं जेवावं? दु:खाने भूक वाढते म्हणतात, ते खरं असेल.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वंगणरावाने आज मोटरचा आवाज ऐकून मान हलवली. "काकी, ही दमते आहे. पंखा जास्त पिळाचा लागलाय. चढावर मोठ्या दात्यावर सायकल चालवल्यासारखं. जोर आहे, पण फिरता येत नाही बिचारीला."

दुसरा, कमी पिळाचा पंखा त्याने परतीच्या बोलीवर दिला. लावल्यावर मोटर गुणगुणायच्या ऐवजी गायलाच लागली. बोट खांबापासून दहा हातांतच उठली. मी दोन्ही पाय टाकीला टेकवले. अठ्ठ्याऐंशी मणी.

"चार कमी झाले," मी समजूत घातली.

"झाले की," हे म्हणाले. "असंच हळूहळू."

वंगणराव म्हणाला, "काकी, पुढे वाळूचं पोतं टाकलं तरी चालतंय, तुम्ही कशाला भिजता रोज?"

हे एकदम त्याच्यावर खेकसले. "मोटरचं बघ तू! वजनाचं मी बघतो!"

इतकं चिडायचं काय होतं त्यात? त्याचं चुकलं नव्हतं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

उंचीचा दिवस. मोटर खोल गेली की पाण्यात ओझं होऊन लोंबते, वर आली की पंखा हवा खातो. मधली जागा केसाएवढी आहे म्हणे. ह्यांनी शिकंज्याखाली लाकडाचा ठोकळा घालून मोटर वर घेतली. सरळ जाताना ठीक. वळताना पंख्याखालचं पाणी निसटलं आणि मोटर अशी किंचाळली की काठावरची बगळ्यांची रांग उडाली. बोट जागच्या जागी बसली. मी टाकीला मिठी मारली.

ठोकळा निम्मा हवा होता. घरी आल्यावर हे तशा जाडीचं लाकूड शोधत बसले, ते एकवीस वर्षं माझ्या ओट्यावर होतं. भाजी चिरायची जुनी फळी. मध्ये झिजून पातळ झाली आहे, कडेला जाड. ह्यांनी कडेचा तुकडा मोजला आणि म्हणाले, "हीच जाडी. अगदी हीच." माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले घ्या. फळी चिरली गेली तेव्हा माझा जीव हळहळला, पण वस्तू कामी आली, टाकली नाही.

पंचाण्णव. फळी फुकट गेली.

रविवार, २ मार्च

मध्ये वारा होता, गेलो नाही. हे घरात तीन दिवस नवी, आधीहून रुंद खिडकी बसवत होते. तीन तासांचं काम. बसवून झाली तेव्हा त्यांनी काच पुसली, लांब तलाव दिसतो तिकडे बघितलं आणि मला म्हणाले, "इथून सगळं दिसतं बघ." मी बघितलं नाही.

आज वारा पडला. गेलो. बोट उठल्यावर तिचं नाक वर-खाली, वर-खाली उडायला लागलं, हो-हो-हो म्हणणाऱ्या सुनेसारखं. पिन पहिल्या भोकात घातल्यावर थांबलं. मग अशी गेली, अशी गेली की माझ्या जिभेला गाठ पडली. शेवटचे मणी तर दोन-दोन सरकले असतील, मी प्रामाणिकपणे लिहिते. एकशे चार.

मला आता वाटतं ह्या बोटीचं काही खरं नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. जितकं दुरुस्त करावं तितकी बिघडते. आणि ह्यांचं धैर्य बघा. सकाळी दाढी करताना गाणं म्हणत होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ह्या माणसाने घरात जेमतेम दहा वाक्यं बोलली असतील. "चहा झाला का" ह्यातलंच एक. आता बोट हरते आहे तर मला वाईट वाटू नये म्हणून गातो. मी रात्री देवाला म्हटलं, त्यांच्या हाताला यश दे. चाळीस होऊ देत एकदाचे.

शनिवार, ८ मार्च

मुलगी दोन दिवसांसाठी आली आहे. आल्या आल्या पुढच्या खोलीत उभी राहून म्हणाली, "बापरे, ही खोली एवढी मोठी होती?"

दुपारी आम्हाला बघायला धक्क्यावर आली. आम्ही गेलो, आलो. मी उतरताना सांगितलं, "अठ्ठ्याण्णव. सुधारली थोडी."

मुलगी हातातल्या फोनकडे बघत होती. "काय अठ्ठ्याण्णव?"

"मणी. खांब ते खांब."

"आई, मी वेळ लावली होती. एकतीस सेकंद."

"शक्य नाही. पहिल्या दिवशी ऐंशी होते, तेव्हा तर बोट रांगत होती."

"तेव्हा तू घाबरली नव्हतीस ना?" ती माझ्या हाताकडे बघून हसायला लागली. "आई, तू जप पळवतेस! बोट जितकी जोरात, तितकी तू जोरात!"

वंगणरावाने तोंड फिरवलं. त्याची पाठ हलत होती. म्हणजे त्यालाही ठाऊक. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वाकून एक दोरी बांधत होते, जी आधीच बांधलेली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला? मला मोटरीच्या आवाजात काय ऐकू येणार?"

"अहो."

"पहिल्या ब्याण्णवपासूनच," हे दोरीला म्हणाले.

मी वाटेत सगळ्यांच्या पुढे चालत राहिले. मुलगी मात्र घरापर्यंत हसत होती.

रविवार, ९ मार्च

रात्री नीट झोप लागली नाही. घरात पै-पैचा हिशेब मी ठेवते, कधी एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही, आणि महिनाभर मी खोटे आकडे लिहीत होते. त्याहून वाईट म्हणजे देवाचं नाव घेतलं ते पळत्या म्हशीमागे पळाल्यासारखं. मला वाटत होतं किती मनापासून जप होतोय. भीतीला भक्ती समजले.

सकाळी चहा देताना म्हणाले, "सांगायचं होतंत."

"तुझा जप चुकतोय असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"खरं सांगा."

हे कपात बघत बसले. मग म्हणाले, "अगं, चाळीस झाले असते तर संपलं असतं."

"बोट गेली असती, एवढंच ना. दुसरी करा."

"बोट नाही," हे म्हणाले, आणि कप उचलून आत ठेवायला गेले. कप अर्धा भरलेला होता.

मुलगी निघताना म्हणाली, "म्हणजे आता झालं की! ऐंशीचे एकतीस सेकंद झाले. बोट डॉक्टरांची."

मी म्हणाले, "देवापुढे मणी बोललो होतो. सेकंद नाही. मण्यांत चाळीस व्हायचे आहेत अजून."

मुलगी माझ्याकडे विचित्र बघायला लागली. का ते कळलं नाही. बोली म्हणजे बोली, त्यात हसण्यासारखं काय? आता ठरवलं आहे, जप सावकाश करायचा, एकेक नाव पुरं. भीती वाटली तरी. हेच माझं प्रायश्चित्त.

मंगळवार, ११ मार्च

सत्तर. डोळे उघडे ठेवले. शनिवारपासून मोटरीला हात लावलेला नाही, पिन तेव्हाच परत दुसऱ्या भोकात घातली होती. ह्यांना पहिलं आवडत नव्हतं म्हणे, नाक ओढल्यासारखं होतं. सगळी दुरुस्ती संपली आहे. आता फक्त माझी चालू आहे.

शुक्रवार, १४ मार्च

एकसष्ट. डोळे उघडे असले की दिसतं. बोट वर उठते तेव्हा पाणी खालून टाळ्या वाजवल्यासारखं लागतं, आणि मग आवाज एकदम हलका होतो. मी ह्यांना विचारलं, हे नेहमीच व्हायचं? म्हणाले, "पहिल्यांदा उठली त्या दिवसापासून."

येताना मधेच मोटर बंद करायला लावली. गार व्हायला. "तिला नाही लागत," हे म्हणाले, "खालून पाणी ओढूनच गार होते ती." मी म्हणाले, असू दे, जुनी आहे. पाव तास बसलो. एक पाणकोंबडी पिल्लांना घेऊन गेली. सात होती. ही मोजताना चूक झाली नाही.

मंगळवार, १८ मार्च

बावन्न. मोटर वीस मिनिटं गार केली.

हे काल जेवले नाहीत नीट. दाढी करताना गाणंही नाही. बोट सुधारते आहे तर माणूस बिघडतो आहे. मी सगळं समजत असल्यासारखं लिहिते, पण मला ह्यांचं कोडं चौतीस वर्षांत सुटलं नाही. पुढच्या बैठकीला पाठ टेकायला फळी लावली त्यांनी. विकायची बोट, तिला आता पाठफळी कशाला? डॉक्टरांना लागेल म्हणाले. डॉक्टर मागे बसणार, चालवायला. पुढची फळी माझ्या पाठीच्या मापाची आहे.

शुक्रवार, २१ मार्च

एकेचाळीस.

धक्क्यावर डॉक्टर उभे होते. "काकू, ऐकतोय मी, एकावर आलं!" रविवारी येतो म्हणाले, पुढे महिनाभर ते गावाला जाणार.

परत येताना आज मोटर गार करायला मी सांगितलं नाही. ह्यांनीच बंद केली. बसलो. मग हे म्हणाले, "ह्या मोटरीचं काय आहे, एकट्या माणसाने चालवली ना, तर कितीही भोकं बदला, ती बसूनच राहते. नाक वर. पुढे कोणीतरी लागतंच."

"डॉक्टरांची बायको बसेल," मी म्हणाले.

"बसेल," हे म्हणाले.

एकेचाळीसला एकच मणी उरला. आणि मला माहीत आहे मी आता अजिबात घाबरत नाही. रविवारी एक काय, आठ मणी कमी होतील. आजपर्यंत चूक नकळत झाली. आता मुद्दाम जीभ पळवली तर ते पाप, तेही देवाच्या नावाने. ते मी करणार नाही.

देवापुढे बसले, पण काय मागावं ते कळेना. यश मागून झालं होतं, ते मिळालं. काही न मागता उठले. असं पहिल्यांदाच झालं.

रविवार, २३ मार्च

आज पाणी काचेसारखं होतं. वारा नाही. ह्याहून चांगला दिवस मिळाला नसता. ह्यांनी पिन बघितली, शिकंजे दोनदा आवळले, माझ्या भाजीच्या फळीच्या तुकड्यावरून हात फिरवला. सगळं इतकं नीट होतं की करायला काही उरलं नव्हतं. डॉक्टर धक्क्यावर, त्यांच्या शेजारी वंगणराव.

"काकी, आज हळू," वंगणराव हळूच म्हणाला. "म्हणजे जप हो. नाही, जोरात. म्हणजे काय ते तुमचं तुम्ही बघा."

"मी खरंच मोजणार आहे," मी त्याला सांगितलं.

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला, आणि हात डोक्याला पुसला.

लाल खांबाच्या अलीकडे मी माळ हातात घेतली. पहिला मणी अंगठ्याखाली. ह्यांनी विचारलं, "तयार?" मी मान हलवली. मोटर गायला लागली, नाक खाली आलं, बोट उठली.

आणि मी मागे वळून बघितलं. इतके दिवस मी पुढेच बघत होते, आधी मिटल्या डोळ्यांनी, मग उघड्या. ह्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. हे समोर बघत नव्हते, मोटरकडेही नाही. माझ्याकडे बघत होते. केस सगळे मागे उडालेले, शर्टाची कॉलर कानाला लागलेली, आणि चेहरा असा, की वर्गात कुणा पोराने पहिला सांधा बिनचूक बसवल्यावर करायचे तसा. फक्त तेव्हा ते पोरांना असं बघायचे, आणि मी डबा द्यायला गेले की दारातून मला दिसायचं. मला वाटायचं, आपल्याकडे कोणी असं बघेल का. बघत असणार. मी डोळे मिटून बसले होते.

पांढरा खांब बाजूने गेला. ह्यांनी वेग कमी केला. बोट सावकाश पाण्यावर बसली.

"किती?"

मी हाताकडे बघितलं. अंगठा पहिल्याच मण्यावर होता.

"किती झाले गं?"

"मोजले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे राहिलं. एकही नाही. नावच आलं नाही तोंडात."

मग ह्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतात. तसंही असेल थोडं.

धक्क्यावर डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं. "तीस सेकंद! काकू, चाळीसच्या आत आलं ना?"

"घड्याळात आलं असेल," मी म्हणाले. "बोली मण्यांची आहे. मण्यांचं मला सांगता येत नाही. मी मोजलंच नाही. खोटं कसं सांगू?"

"मग आत्ता पुन्हा जा की. मी थांबतो."

"पेट्रोल संपत आलंय."

"अर्धी बाटली आहे अजून," हे म्हणाले. हा माणूस. आयुष्यभर खरं बोलायचं व्यसन, आणि मुहूर्त हा.

"ती परतीची," मी म्हणाले. "घरी जायला लागेल."

डॉक्टर माझ्याकडे, ह्यांच्याकडे, पुन्हा माझ्याकडे बघत राहिले. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघणारा माणूस, त्याला मिटलेलंही कळत असणार. हसून म्हणाले, "बरं. मोजून झालं की कळवा. मी महिन्याने येतो. घाई नाही."

वंगणराव म्हणाला, "पंखा राहू दे हो काका तुमच्याकडेच. परतीचं नंतर बघू."

घरी आल्यावर दिव्यापुढे बसले. देवाची क्षमा मागितली, त्याचं नाव घ्यायचं राहिलं म्हणून. मग सावकाश पुरी माळ केली, एकेक नाव पुरं. मध्येच मनात आलं, त्याला आज राग आला नसावा. राग आला असता तर त्याने माझी मान पुढेच ठेवली असती.

आजची नोंद:
लाल खांब ते पांढरा खांब. पाणी शांत. पिन दुसरं भोक, फळी निम्मी, पंखा कमी पिळाचा, टाकी पुढे. पुढचं वजन तेच.
मणी —

मंगळवारी पुन्हा मोजायला जायचं आहे. मोटर मध्ये थोडा वेळ गार करावी लागेल.

बैठकीची फळी पाठीला बरी आहे, पण खाली कडक लागते. खिडकीचा जुना पडदा पडूनच होता, नवी खिडकी त्याच्याहून रुंद झाली आहे. त्याची उशी शिवायला घेतली.